"इतकी वर्षं राहिली कशाला?"
नवऱ्याचा मार सोसलेल्या एका बाईबद्दल कुणीतरी विचारलंय, तो खरंच मारत होता तर ७ वर्षं राहिली कशाला? माझी मावसबहीण निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, पगार नवरा काढून घ्यायचा. खानापूरला माहेरी आली की आईच म्हणायची, लोक 'टाकलेली' म्हणतील, जा परत. मग जाणार कुठं ती? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पैसे अडवणं, घालूनपाडून बोलणं हीसुद्धा हिंसाच. घर नावावर नसलं तरी तिथं राहायचा हक्क बाईला आहे. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता सुटलीय. लग्नाकार्यात मोठ्यानं हसली की "हिला कुठं काय झालंय?", गप्प बसली की "बिचारी". परवा म्हणाली, "ताई, मला नुसतं माझ्या नावानं हाक मारायला सांग की सगळ्यांना."