मदत हवी आहे: माणसं न काढता हा काळ कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देण्याचं) छोटं युनिट आहे, १४ कामगार. ऑर्डर निम्म्यावर आल्यात, त्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिलं अडकलीत. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. पण थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली तर उरलेलं कामही जाईल, ही धास्ती.

जवळचे सांगतात, पाच जणांना काढ, पीएफ दोन महिने भरू नकोस. पगारातून कापलेला पीएफ त्यांचा आहे, त्याला मी हात लावणार नाही. कोविडमध्ये हीच माणसं अर्ध्या पगारावर थांबली होती हो!

पाळ्या कमी करून, काम सगळ्यांत वाटून कुणी निभावलंय का? आणि तक्रार करूनही गिऱ्हाईक टिकलंय का कुणाचं?