तेओतिवाकान मयासुराने बांधलं म्हणे!

विटकर: परवाच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय: मेक्सिकोतलं प्राचीन शहर तेओतिवाकान हे मध्य अमेरिकेतल्या 'माया' लोकांचं, माया म्हणजे आपला मयासुर, कारण चाक नसलेल्यांना एवढं आखीव शहर जमणारच नाही. अहो, ते शहर मायांचं नव्हतंच! नावसुद्धा कित्येक शतकांनी आलेल्या आझ्टेकांनी दिलेलं. आणि चाक ठाऊक होतं, मेक्सिकोतल्याच व्हेराक्रुझला चाकं असलेली मातीची खेळणी सापडलीत. नव्हते ते गाडी ओढायला बैल-घोडे. आखणी बघा: हमरस्ता उत्तरेपासून साडेपंधरा अंश पूर्वेकडे कललेला, अख्खं शहर त्याच कलात. सान हुआन नदीही वळवून त्या चौकटीत बसवली. लाखभर माणसं, सुमारे २००० मोठी निवासी आवारं.

प्राचीनप्रेमी: तो धागा माझाच. मयसभा विसरलात? आपलं म्हटलं की तुम्हाला झोंबतंच.

विटकर: मला झोंबतं ते राबणाऱ्याचं श्रेय दुसऱ्याला दिलेलं. माझे आजोबा गवंडी होते. त्यांनी बांधलेल्या देवळावर देणगीदाराचं नाव आहे, त्यांचं नाही.

साइटवाला: राबणाऱ्यांचं म्हणता, तर तिथला सूर्य-पिरॅमिड ६५ मीटर उंच आहे. भरणी माणसांनी पाठीवर वाहिली. पंखधारी सर्पाच्या पिरॅमिडखाली बळी दिलेल्यांचे शंभराहून जास्त सांगाडे निघालेत. याला नगररचना म्हणून मिरवू नका.

विटकर: बळींचं नाकारत नाही. पण त्याच शहरात साध्या लोकांच्या घरांनाही चुन्याचा गिलावा, अंगण आणि सांडपाण्याची गटारं होती.

ओढ्याकाठची: नदी वळवली याचं कौतुक कसलं? आमच्या बिल्डरनेही ओढा 'वळवला'. दर जुलैत तळमजल्यावर गुडघाभर पाणी! सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलंय. पाण्याला चौकटीत बसवणारा कोणीही असो, मला त्याचा रागच येतो.

विटकर: ताई, वळवणं वेगळं, बुजवणं वेगळं. ती नदी कालव्यातून शहरामधून वाहती होती.

साइटवाला: इथे ताईंच्या बाजूने बोलतो. तेनोच्तित्लान घ्या, आझ्टेकांची राजधानी, आजच्या मेक्सिको शहराच्या जागी होती ती. नेसावालकोयोतल राजाने बांध घालून तेश्कोको सरोवराचं खारं पाणी अलीकडच्या गोड्या पाण्यापासून वेगळं ठेवलं. स्पॅनिशांनी १५२१मध्ये शहर जिंकलं, जुनी व्यवस्था मोडली. १६२९च्या पुरानंतर मेक्सिको शहर पाच वर्षं पाण्यात होतं.

ओढ्याकाठची: म्हणजे आधीच्यांना पाणी कळत होतं. तेवढं मान्य. पण तुम्ही साइटवाले ओढ्यांवर सह्या करता तेव्हा हे कुठे जातं?

साइटवाला: मी एकदा नाही म्हणालो होतो. दुसऱ्याने सही केली. बांधकाम झालंच.

प्राचीनप्रेमी: विषय मयासुराचा होता. बरं, तेओतिवाकान मायांचं नाही, चुकलं माझं. पण ग्वातेमालातलं टिकाल शहर तर मायांचंच ना?

विटकर: हो, मायांचंच. तिथल्या एका तलावात पाणी गाळायला बाहेरून आणलेलं झिओलाइट हे खनिज आणि स्फटिकाची वाळू मिळालीय. मयासुराला मध्ये न आणता लिहा, मी पहिला येऊन वाचेन.

ओढ्याकाठची: त्यात पावसाचं पाणी कुठून कुठे जायचं, तेही लिहा.