युद्ध तिकडे, झळ वावरात: अनुभव धागा

युक्रेन, गाझा, तांबडा समुद्र. या लढाया आपल्या खताच्या पोत्यात, सोयाबीनच्या भावात, पोरांच्या ॲडमिशनमध्ये नेमक्या कुठून शिरतात, हे ज्यांना धंद्यामुळे ठाऊक आहे त्यांनी इथं लिहावं. कोण बरोबर, कोण चूक यावर भांडण नको, त्यासाठी चौकातली पानटपरी आहे. आकडे, कारणं आणि काय केलं तर जमतं, एवढंच लिहा.

निविष्ठावाला, यवतमाळ

खतापासून सुरू करतो, जूनमधलं भांडण तिथंच होते. युरिया नैसर्गिक वायूपासून बनते, अन् तो वायू बराचसा बाहेरून येते. डीएपीचंही तसंच, तयार माल किंवा रॉक फॉस्फेट आणि आम्ल जहाजातून. पोटॅश तर जवळपास सगळं आयातच. ऑक्टोबर २०२१ पासून चीननं खताची निर्यात आवळली होती. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियानं बेलारूसच्या पोटॅशची रेल्वे वाहतूक थांबवली आणि २४ तारखेला रशिया युक्रेनमध्ये घुसला. बेलारूस आणि रशिया दोघंही पोटॅशचे बडे निर्यातदार. हजाराच्या आत मिळणारं एमओपीचं, म्हणजे पोटॅशचं, पोतं त्या साली १७०० वर गेलं.

युरियाचं तसं होत नाही. ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांचीच राहते, वरचा फरक सरकार भरते. डीएपीही अनुदान वाढवून १३५० ला धरलं. म्हणून या दोन खतांत युद्ध भावात कमी अन् रांगेत जास्त दिसते. खताचा रेल्वे रॅक लागत नाही, आणि लागला की लिंकिंग सुरू: डीएपी पाहिजे तर हे टॉनिकही घ्या. अशी सक्ती चालत नाही. पक्कं बिल मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या, तोंडी तक्रारीचं काही होत नाही.

डीएपीसाठी पेरणी अडवू नका. ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते. तेवढंच तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो युरियातून निघते: स्फुरद २४, नत्र ९.२, वरून १६ किलो गंधक. सोयाबीन तेलबी आहे, तिला गंधक लागतेच. तोटा हमालीत आणि भाड्यात: एका पोत्याच्या जागी जवळपास साडेतीन पोती वाहावी लागतात. दोन्ही खतं आदल्या रात्री कालवून ठेवाल तर पस्तावाल. युरिया आणि सुपर एकत्र आले की पाणी सुटते आणि सकाळी पोत्यात चिखल सापडते. धुऱ्यावर, लागेल तेवढंच कालवा.

टंचाईत बनावट डीएपी फिरते. चार दाणे तळहातावर घ्या, चुना लावा आणि खर्रा घोटतो तसे घोटा. अमोनियाचा झणका नाकात गेला पाहिजे. नाही गेला तर पोतं परत करा. गेला म्हणजे स्फुरद पूर्ण आहे असं मात्र समजू नका, ते प्रयोगशाळेतच कळते.

तिफण

यात एक जोड. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातून पावडर सुपर चालवू नका. दमट हवेत नळी चोंदते, ड्रायव्हरला पत्ता लागत नाही आणि पेरणीच्या ओळीच्या ओळी खताविना जातात. दाणेदारच घ्या. युरिया मिसळला असेल तर खताची नळी बियाण्याच्या दोन इंच बाजूला आणि खाली पाहिजे. बियाण्याला चिकटून पडला तर उगवण मार खाते.

डीओसी, वाशिम

सोयाबीनवाल्यांचा गैरसमज असा की तेल महागलं म्हणजे आपला भाव वाढलाच पाहिजे. एका क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास. बाकी ८० किलोच्या पुढं-मागं ढेप, म्हणजे डीओसी. भाव ठरताना दोन्ही पारडी बघावी लागतात.

२०२२ मध्ये युक्रेनचं सूर्यफूल तेल अडकलं, त्यातच इंडोनेशियानं २८ एप्रिल ते २३ मे पामतेलाची निर्यात बंद ठेवली. तेल भडकलं. पण तोवर बहुतेक कास्तकारांचा माल दिवाळीतच विकून झाला होता. तेजीत माल होता साठेवाल्यांकडे. मग मे महिन्यात केंद्रानं सोयाबीन आणि सूर्यफुलाचं वर्षाला प्रत्येकी २० लाख टन कच्चं तेल शुल्काविना आणायची मुभा दोन वर्षांसाठी दिली. युद्धाची तेजी व्यापाऱ्याला आणि त्यावरचा उपाय पुढच्या हंगामात आपल्याला! सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, मे २०२५ मध्ये ते पुन्हा १६.५ वर आणलं. माल ठेवायचा की विकायचा हे ठरवताना मंडीच्या फळ्याइतकंच या आकड्याकडं लक्ष ठेवा.

ढेपेचं गणित तांबड्या समुद्रात बिघडलं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा-चौदा दिवस वाढले आणि कंटेनरचं भाडं चढलं. युरोपला ढेप पाठवणाऱ्याचा खर्च वाढला की तो कारखान्याला भाव कमी देतो, कारखाना अडत्याला, अडत्या तुम्हाला.

माल ठेवायचाच असेल तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. त्याच्या वर असेल तर थप्पी आतून गरम होते, बुरशी धरते आणि हमीभाव केंद्रावरही पोतं परत येतं.

सरकी

कापसाचं थोडक्यात. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस आठवला. ज्वारीच्या वावरात कापूस गेला, रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली, १८७० ला खामगावचा फाटा सुरू झाला. पण युद्ध १८६५ लाच संपलं होतं आणि भाव कोसळले होते. आज दुवा खनिज तेलाचा. क्रूड महाग झालं की पॉलिस्टर महागतं आणि गिरण्या कापसाच्या सुताकडे झुकतात. पण त्याच क्रूडमुळं मंदीची भीती आली तर कपड्यालाच गिऱ्हाईक नसतं. म्हणून युद्ध पेटलं की कापूस चढतोच, असं धरून पराटीखालचं क्षेत्र वाढवू नये.

समुपदेशन, अकोला

परदेशी एमबीबीएसवाल्या पालकांसाठी. युक्रेनमधून ऑपरेशन गंगात पोरं सुखरूप आली, खरा घोळ नंतर झाला. मधूनच इथल्या कॉलेजात बदली मिळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं युक्रेनच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायची मोकळीक दिली, पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, तिथंच १२ महिने इंटर्नशिप, इथं आणखी १२, आणि सगळं दहा वर्षांत. युद्धात गेलेली दोन वर्षं त्या दहातूनच वजा होतात. गुणपत्रकं दर सत्राला काढून ठेवा, मूळ कागद विद्यापीठात अडकले की वकिलातीच्या चकरा सुरू. कर्जाचं व्याज शिकत असतानाही चढतं. आणि वावर तारण धरून शैक्षणिक कर्ज मिळेल या भरवशावर राहू नका. थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँका घर किंवा प्लॉट मागतात.

एओसीपी, भद्रावती

युक्रेननंतर तोफगोळ्यांची मागणी जगभर वाढली, तशी आपल्याकडच्या दारूगोळा कारखान्यांचीही चर्चा वाढली. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. चांदा (भद्रावती) आणि भंडारा इथले कारखाने त्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. पोरांनो, भरती निघते ती बरेचदा ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ म्हणून, ठराविक मुदतीची. आयटीआयचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेड आणि निर्माणीतली अप्रेंटिसशिप पाहिजे. कायम नोकरी समजून लग्नाची बोलणी करू नका जी.

अशा इमारतीच्या दारावर दोन आकडे लिहिलेले असतात: आत माणसं जास्तीत जास्त किती, स्फोटक जास्तीत जास्त किती. मोबाईल, माचिस, लायटर बाहेर. सुती कपडे, अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारे बूट, ठिणगी न उडवणारी पितळी हत्यारं. उत्पादनाची घाई झाली की पहिल्यांदा त्या दोन आकड्यांवर ताण येतो, म्हणून पाळी सुरू होताना दार वाचूनच आत जायचं.

धुरेकरी

डीओसीभाऊ, दिवाळीत उधारी फेडायला पैसा लागते. माल ठेवायचा कसा?

डीओसी, वाशिम

बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, तेव्हा ई-पीक पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकून घ्या. सगळ्याच समित्या ही योजना चालवत नाहीत, आधी फोन करून विचारा. आणि व्यापाऱ्याचा माल यात चालत नाही, त्यामुळं कुणाला आपला सातबारा वापरू देऊ नका.