कृत्रिम, मानवनिर्मित की घडीव? पाटीवर काय लिहू?

तापीकाठ
शहादा तालुक्यातल्या आमच्या शाळेत एका खोलीत गावातल्या जुन्या वस्तू मांडल्यात. एका टेबलावर शिंपले, गारगोट्या, सुगरणीचा खोपा. दुसऱ्यावर जातं, पाभर, मोटेचं चाक, पुरणपोळीचं खापर, आणि पोरांनी नदीकाठून वेचून आणलेल्या खापऱ्या न् दगडाच्या कपच्या. पहिल्या टेबलाला 'नैसर्गिक वस्तू' अशी पाटी लावली. दुसऱ्याला 'आर्टिफॅक्ट'साठी (म्हणजे माणसाच्या हातून झालेली वस्तू) कोशात पाहून 'कृत्रिम वस्तू' लिहिलं. पहिल्याच दिवशी एक आबा आले, पाटी वाचली, जात्याला हात लावला आणि विचारते झाले, "मंग खरं कोठे ठेवेल शे?"

जातं त्यांच्याच घरचं होतं.

माझं मत असं की कृत्रिम हा शब्द आता नासलाय. कृत्रिम फुलं, कृत्रिम हसू, कृत्रिम रंग. 'मानवनिर्मित' म्हणावं तर पेपरवाल्यांनी तो आपत्तीच्या दावणीला बांधलाय. म्हणून मी 'घडीव वस्तू' सुचवतो. घडीव दगड, घडीव पायऱ्या म्हणताना कुणाला खोटेपणा वाटत नाही. पटतं का?

अमळनेरकर
नाही पटत. तुम्ही सोयीची तेवढी उदाहरणं घेतलीत. कृत्रिम पाय, कृत्रिम श्वास, कृत्रिम पाऊस यांचं काय? गणपती विसर्जनाच्या कृत्रिम तलावात मूर्ती खऱ्याच पाण्यात बुडते. कृत्रिम रेतनातून झालेलं वासरू खोटं असतं का? आणि पेरणीच्या तोंडावर खताची 'कृत्रिम टंचाई' होते तेव्हा टंचाई अगदी खरी असते, फक्त ती कुणीतरी केलेली असते. तोच तर मूळ अर्थ. पाणिनीची दोन सूत्रं आहेत, 'ड्वितः क्त्रिः' आणि 'क्त्रेर्मम्नित्यम्'. कृ धातूला त्रि, मग म. करण्यातून झालेलं ते कृत्रिम. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार आहेत, त्यात एक 'कृत्रिम' पुत्र आहे. गुणदोष जाणणारा, पुत्राचे गुण असलेला, म्हणून पुत्र केलेला. त्याला कुणी नकली म्हटलं नाही. शब्द चांगला आहे, आपण तो वापरायचं सोडलं म्हणून गंजला.

गिरणेचा पाट
सर, मनुस्मृतीतून आबांना उत्तर देणार का? ;)
पण तुमच्याच उदाहरणांत एक गंमत आहे. पायाकडून आपल्याला चालणं हवं, पावसाकडून पाणी. काम झालं की कृत्रिम चालतं. फुलाकडून वास हवा, हसण्याकडून मन. ते मिळालं नाही की कृत्रिम म्हणजे खोटं. नुसतं 'वस्तू' म्हटलं तर तिच्याकडून काय हवं तेच कळत नाही, मग वाचणारा वाईटच धरतो. माझं मत कृत्रिमच्या विरोधात. पण घडीवच्या बाजूनेही नाही. पांझरा नदीवरची फड नावाची सिंचनपद्धत बघा. बंधारा बांधला, पाट खणला, पाटकरी पाणी फिरवतो. यातलं घडवलेलं काय? पाट खणतात, कापड विणतात, भाकर थापतात. घडवतो तो सोनार, कुंभार, पाथरवट.

कांदेबाग
संस्कृतवाल्या सरांना एक प्रश्न. पच् धातूला तेच प्रत्यय लावले तर?

अमळनेरकर
पक्त्रिम. शिजवण्यातून किंवा पिकवण्यातून झालेलं.

कांदेबाग
मग आमची केळी पक्त्रिम आणि कृत्रिम दोन्ही 😀 कार्बाइडने पिकवली तर गुन्हा, इथिलीनच्या चेंबरमध्ये पिकवली तर चालतं, लोक दोन्हीला 'कृत्रिम पिकवलेली'च म्हणतात. विषय निघालाच आहे तर सांगतो. रावेरला माझी बाग ग्रँड नैनची आहे. या केळीला बी धरत नाही. रोप लॅबमध्ये टिश्यू कल्चरने वाढवलेलं, नंतर पीलबाग ठेवायची (बुंध्याशी फुटलेल्या कोंबावर, म्हणजे पिलावर, पुढचं पीक घ्यायचं) तर कोणतं पील राखायचं तेही मीच ठरवणार. रानात सोडली तर ही जात माणसाशिवाय किती टिकेल? तर केळ तुमच्या कोणत्या टेबलावर?

खापरी
पुरातत्त्वात एम.ए. केलंय म्हणून बोलते. आधी एक विनंती: तापाई, नदीकाठच्या खापऱ्या पोरांना वेचू देऊ नका. तुमच्याच तालुक्यात प्रकाशे आहे, 1955 साली तिथे उत्खनन झालं. सावळदेही तापीकाठचंच, त्याच्या नावाने एक अख्खी ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाते. खापरी कुठल्या थरात पडली होती यावर तिचं निम्मं मोल असतं, ती खिशात गेली की ते संपलं.

आता शब्द. 'घडीव' मला मुळीच चालत नाही, कारण तुमच्या टेबलावरच्या कपच्या. दगडाचं हत्यार करताना जो कचरा उडतो तो कुणी घडवलेला नसतो. पण तो माणसाच्या हातून झालेला असतो, आणि कित्येकदा हत्यार सापडत नाही, कचराच सापडतो. आमच्या कामात खरा प्रश्न असतो तो हाच: ही कपची माणसाने काढली की नदीत दगडावर दगड आपटून निघाली? चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि रेघा कोरलेला एक तुकडा, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा. कवच पक्ष्याचं, रेघा माणसाच्या. अशा रेघांवर भिंग लावून लोक वर्षानुवर्षं भांडतात, कारण मातीतली मुळंसुद्धा कवचावर ओरखडे पाडतात. या सगळ्याला पुरेल असा एकच शब्द आहे, मानवनिर्मित. कोरडा आहे, पण बरोबर आहे. आपत्तीला जोडला म्हणून टाकून का द्यायचा?

'पुरावस्तू' सुचवायला कुणी येण्याआधीच सांगते: 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू किमान 100 वर्षं जुनी लागते, हस्तलिखित असेल तर 75. मोटेचं चाक बसेलच असं नाही.

तापीकाठ
ताई, मी 'तापाई' नाही, बापा आहे हो! खापऱ्यांचं ऐकलं, पोरांना सांगतो. कपच्यांचा मुद्दा मात्र बिनतोड. घडीव मागे घेतो, जीवावर येतंय तरी.
पण 'मानवनिर्मित' पोरांच्या तोंडात बसत नाही. चौथीतल्या एकाने 'मानव निर्मित' असं तोडून वाचलं आणि विचारलं, हा निर्मित कोण?

खापरी
माफ करा बापा 🙏 निर्मितवर खरंच हसले.

सावली
मी एमआरआय सेंटरवर काम करते. आमच्याकडे पेशंट हलला की चित्रात लाटा येतात, दातात धातू असला की काळा डाग येतो. डॉक्टर त्यालाही आर्टिफॅक्टच म्हणतात. शरीरात नाही, तपासणीमुळे उगवलं. तिथे तो शब्द 'यावर विश्वास ठेवू नका' याच अर्थाने असतो. म्हणजे नासला तो फक्त मराठीतला शब्द नाही.

गिरणेचा पाट
भारी. आणि 'बनावट' घ्या. बनावट नोट म्हणजे तुरुंग, 'भारतीय बनावटीची पाणबुडी' म्हणजे अभिमान. एक 'ची' लागला की इज्जत परत. 'करणी' तर विचारूच नका. करणं म्हणजे काम, करणी म्हणजे लिंबू-मिरची. माणसाने काही केलं की आपल्याला आधी संशयच येतो, असं दिसतंय.

आम्हनी बोली
तुम्ही सगळे आबांना विसरले. त्यांच्या वाक्यातच उत्तर आहे: "ठेवेल शे", म्हणजे ठेवलेलं आहे. अहिराणीत 'एल' लावला की झालं. घडेल, विणेल, खणेल, कोरेल. आणि सगळ्यांना मिळून एकच: करेल. "मानूसनी करेल." पाटीवर हेच लिहा.

अमळनेरकर
पुण्याहून कुणी आलं तर "माणूस करेल" असा भविष्यकाळ वाचेल. कधी करेल, विचारेल.

आम्हनी बोली
पुण्याहून शहाद्याला येतंय कोण सर!

तापीकाठ
ठरलं. मोठ्या अक्षरात 'मानूसनी करेल', खाली बारीक अक्षरात 'मानवनिर्मित वस्तू', ताईंसाठी. घडीव कुठेच नाही.

अमळनेरकर
चांगलंय. फक्त एक लक्षात आणून देतो. करेल मधला 'कर' म्हणजे कृ धातूच. आबांच्या भाषेत तुम्ही कृत्रिमच लिहिलंय.

तापीकाठ
हे आबांना सांगू नका. सोमवारी येताहेत, पाट्याचा वरवंटा राहिला म्हणे घरी.

कांदेबाग
केळाचं राहिलं.