मदत हवी आहे: पुण्याहून इंग्लंडमध्ये मागवलेल्या पैठणी, पुस्तके व परकर-पोलक्याच्या पार्सलवरील सीमाशुल्क आणि व्हॅट

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहते. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न यंदा, म्हणजे 2025 साली, तुळशीच्या लग्नानंतर इथेच ठरले आहे. त्यासाठी येवल्याच्या एका विणकर कुटुंबाकडून त्यांच्या संकेतस्थळावरून मी पैठणी विकत घेतली. त्याच सुमारास एका पुस्तक विक्रेत्याकडून आठ मराठी पुस्तके आणि दुसऱ्या एका दुकानातून माझ्या पाच वर्षांच्या मुलीसाठी खणाचे परकर-पोलके मागवले. तीन ठिकाणांहून तीन वेगळी पार्सले आणण्याचा खर्च फार येत होता, म्हणून पुण्यातील एका सेवेच्या पत्त्यावर सर्व वस्तू जमा करून त्यांच्याकडून एकच खोका इकडे पाठवून घेतला.

वस्तूंच्या किमती रुपयांतच दिल्या होत्या, त्या पौंडांत सांगते. पैठणी 260, पुस्तके 40, परकर-पोलके 30 आणि पाठवणावळ 50, असे एकूण 380 पौंड झाले. काल कुरिअर कंपनीकडून सूचना आली की पार्सल देशात पोहोचले आहे, परंतु 145 पौंड 72 पेन्स भरल्याशिवाय ते घरी येणार नाही, आणि सात दिवसांत रक्कम भरली नाही तर ते परत पाठवले जाईल. तपशिलात 12 टक्के दराने सीमाशुल्क 45.60, 20 टक्के दराने व्हॅट 85.12 आणि कंपनीचे हाताळणी शुल्क 15 पौंड असे आकडे आहेत. कागदावर वस्तूंचे वर्णन एकाच ओळीत ‘स्त्रियांचे कपडे’ असे लिहिले आहे. पुस्तकांचा उल्लेख कुठेही नाही.

कर चुकवावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. जे देणे लागते ते मी देईन. परंतु इथल्या दुकानात पुस्तक घेताना व्हॅट लागत नाही हे मला ठाऊक आहे, मग बाहेरून आलेल्या पुस्तकावर तो का लागावा? दुसरा प्रश्न असा की आधी वाद घालावा, की पैसे भरून पार्सल सोडवावे आणि नंतर परतावा मागावा? पैठणी परत गेली तर लग्नाच्या आत ती पुन्हा येणे शक्य नाही, आणि ती हातमागावर मुद्दाम विणून घेतलेली असल्याने इथे तिच्या जागी दुसरी मिळणारही नाही. तिसरा प्रश्न पुढच्या वेळेचा. पुण्याच्या सेवेतील व्यक्तीने मला लिहिले आहे की, यापुढे खोक्यावर ‘भेटवस्तू’ असे लिहून किंमत 35 पौंड दाखवू, म्हणजे काहीच लागणार नाही. मला हे पटलेले नाही, तरी नियम नेमका काय आहे तो जाणकारांनी सांगावा.

प्रतिसाद (लेस्टर)

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चूक झाली तर पैशांपुरते प्रकरण राहत नाही. विकत घेतलेली वस्तू भेट ठरत नाही. एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला वाढदिवस, लग्न, सण अशा निमित्ताने, तिच्या स्वतःच्या वापरासाठी पाठवलेली वस्तूच इथे भेट मानली जाते. अशी भेट 39 पौंडांपर्यंतची असेल तर व्हॅट लागत नाही. तुमच्या खोक्यात पैसे मोजून घेतलेला माल आहे आणि पाठवणारा व्यावसायिक आहे, त्यामुळे तो शब्द तिथे बसतच नाही. खोटे वर्णन किंवा खोटी किंमत आढळली तर माल जप्त होऊ शकतो. शिवाय खोका वाटेत हरवला तर भरपाईही सहसा कागदावरच्या किमतीच्या आधारेच मागावी लागते, म्हणजे 260 पौंडांच्या पैठणीसाठी तुमच्या हाती 35 पौंडांचा कागद असेल. त्या गृहस्थांना लेखी नकार कळवून ठेवा.

आता आकारणीकडे वळतो. मी मालवाहतुकीच्या कचेरीत आयातीची कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो, आणि घरगुती पार्सलांच्या तक्रारींमध्ये हाच प्रकार मला सर्वाधिक दिसतो. पाठवणाऱ्याने एका ओळीत लिहिले की कुरिअर कंपनी त्या ओळीला एकच कमोडिटी कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, देते, आणि खोक्यातल्या प्रत्येक वस्तूवर तोच दर बसतो. तुमच्या कागदावरचा हिशेब त्या अर्थाने बरोबर आहे. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीत वाहतूक व विमा मिळवून काढतात, म्हणून 380 वर 12 टक्के घेतले. व्हॅट हा सीमाशुल्कासह होणाऱ्या रकमेवर लागतो, म्हणून 425.60 वर 20 टक्के घेतले. चूक गणितात झालेली नाही, वर्णनात झालेली आहे.

छापील पुस्तकांवर ब्रिटनमध्ये सीमाशुल्क शून्य आहे आणि व्हॅटही शून्य दराचा आहे, आणि हा शून्य दर आयातीलाही तसाच लागू होतो. लहान मुलांच्या कपड्यांवर सीमाशुल्क लागते, पण व्हॅट शून्य दराने आकारतात. कपडा मुलांसाठीच बनवलेला आणि मापाने त्यांनाच येणारा असावा, एवढीच अट आहे. पाच वर्षांच्या मुलीचे परकर-पोलके त्यात निःसंशय बसते. तेव्हा पाठवणावळ किमतीच्या प्रमाणात वाटली, तर पुस्तकांचे मूल्य 46.06 होते. त्यांवर घेतलेले सीमाशुल्क 5.53 आणि व्हॅट 10.32 हे दोन्ही चुकीचे आहेत. परकर-पोलक्याचे मूल्य 34.55 होते. त्यावरील 4.15 हे सीमाशुल्क योग्य, पण 7.74 हा व्हॅट चुकीचा. एकूण 23 पौंड 59 पेन्स जास्त लागले आहेत.

पैठणीचा प्रश्न निराळा आहे आणि रक्कम मोठी असल्याने तोच अधिक महत्त्वाचा. पैठणी म्हणजे न कापलेले, न शिवलेले विणलेले वस्त्र. तिचे वर्गीकरण तिचा धागा कोणता, रेशीम वजनाने किती, जर किती आणि ती कोणत्या अवस्थेत आली आहे यांवरून व्हायला हवे. ‘स्त्रियांचे कपडे’ असे म्हणून शिवलेल्या पोशाखाचा दर तिला आपोआप लावणे मला योग्य वाटत नाही. विणकरांकडून धाग्यांची माहिती लेखी मागवा आणि सरकारच्या संकेतस्थळावरील ‘ट्रेड टॅरिफ’मध्ये, म्हणजे मालाचे कोड व दर यांच्या यादीत, रेशमी विणलेल्या कापडाचा विभाग वाचून पाहा.

पार्सल परत जाऊ देऊ नका. आजच कंपनीला तिन्ही विक्रेत्यांची मूळ बीजके, प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र वर्णन व किंमत, आणि वरील विभागणी पाठवून नोंद दुरुस्त करण्याची लेखी मागणी करा. माल त्यांच्या ताब्यात असेपर्यंत काही वेळा दुरुस्ती होते. तीन-चार दिवसांत उत्तर आले नाही तर पूर्ण रक्कम भरून पार्सल सोडवा. रक्कम भरल्याने तुमचा हक्क बुडत नाही, कारण जास्त भरलेल्या आयातकरासाठी एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याकडे, सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो.

प्रतिसाद (एडिंबरा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ भेटवस्तूंबाबत थोडी भर घालते, कारण दिवाळी तोंडावर आली आहे आणि पुष्कळ घरी खोके येतील. 39 पौंडांपेक्षा भेट महाग असेल तर व्हॅट पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या फरकावर नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एकाच खोक्यात घरातील तिघांसाठी तीन भेटी असतील तर त्या वेगवेगळ्या गुंडाळून, प्रत्येकीवर ज्याचे त्याचे नाव लिहून आणि फॉर्मवर स्वतंत्र ओळी भरून पाठवाव्यात, म्हणजे प्रत्येक भेटीला ती मर्यादा स्वतंत्रपणे मिळते. आमच्या आईने गेल्या वर्षी अशा ओळी नीट भरल्या होत्या आणि खोका कोणताही कर न लागता आला.

फराळ मात्र पैठणीच्या किंवा पुस्तकांच्या खोक्यात मुळीच घालू नये. मांस, तसेच दूध आणि तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ भारतातून टपालाने ग्रेट ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई आहे. ते सापडले तर काढून नष्ट केले जातात आणि बाकीचा मालही तपासणीत अडकून पडतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. मी कालच तिन्ही बीजके आणि विभागणीचा तक्ता पाठवला आहे. विणकरांनीही तत्परतेने कळवले की ताणा व बाणा दोन्ही रेशमाचे असून पदर व काठ जरीचे आहेत, आणि ब्लाउजपीस साडीलाच जोडलेला, न कापलेला आहे. आणखी दोन शंका आहेत. हीच खरेदी तीन पार्सलांत आली असती तर कर कमी लागला असता का? आणि भारत व ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाल्याचे वाचले, त्याचा काही लाभ मिळेल का?

प्रतिसाद (लेस्टर)

पहिल्या शंकेचे उत्तर थोडेसे होकारार्थी आहे. पार्सलातील मालाची किंमत 135 पौंडांच्या आत असेल तर सीमाशुल्क लागत नाही, आणि ही मर्यादा मोजताना स्वतंत्र दाखवलेली पाठवणावळ धरत नाहीत. तुमचे परकर-पोलके स्वतंत्र आले असते तर 4.15 पौंड वाचले असते. पुस्तकांवर तसेही काही लागत नव्हते, आणि पैठणी एकटीच मर्यादेच्या वर आहे. तेवढ्यासाठी तीनदा पाठवणावळ भरणे परवडले नसते, म्हणून एकत्र मागवण्याचा तुमचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. 135 पौंडांच्या आतील मालावर व्हॅट पूर्णपणे माफ असतो हा मात्र गैरसमज आहे. 15 पौंडांपर्यंतची जुनी सूट 1 जानेवारी 2021 पासून बंद झाली आणि तेव्हापासून अशा मालावरचा व्हॅट विक्रेत्याने किंवा ऑनलाइन बाजारपेठेने विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. एकच मागणी मुद्दाम तुकड्यांत पाठवून मर्यादेखाली आणणेही चालत नाही.

करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या आहेत, परंतु दोन्ही देशांतील मंजुरीची प्रक्रिया पूर्ण होऊन तो अमलात येईपर्यंत दर बदलत नाहीत. तो अमलात आल्यावरही सवलत मागण्यासाठी माल भारतातच तयार झाल्याचा पुरावा लागेल. विणकरांकडून बीजकावर उत्पादनाचे ठिकाण लिहून घेण्याची सवय आतापासूनच लावा.

परताव्याच्या अर्जाविषयी थोडे सांगतो, कारण इथे लोक चुकीचा अर्ज भरून महिने घालवतात. पार्सल रॉयल मेल किंवा पार्सलफोर्समार्फत आले असेल तर ‘बीओआर 286’ हा अर्ज असतो. कुरिअर कंपनीमार्फत आले असेल तर ‘सी 285’ हा मार्ग, आणि त्यासाठी कंपनीकडून आयात नोंदीचा क्रमांक व नोंदीची प्रत मागून घ्यावी लागते. खोक्यावरचे लेबल, बीजके आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. 15 पौंडांचे हाताळणी शुल्क हा कर नसल्याने ते एचएमआरसीकडून परत मिळत नाही, त्याविषयी कंपनीशीच बोलावे लागेल.

धागाकर्तीचे उत्तर

पाचव्या दिवशी कंपनीचे पत्र आले. त्यांनी पुस्तके आणि परकर-पोलके वेगळ्या ओळींवर घेऊन कर 107 पौंडांच्या आसपास आणला आहे, हाताळणी शुल्क मात्र कायम ठेवले आहे. पैठणीचे वर्गीकरण त्यांनी बदलले नाही आणि कारणही दिलेले नाही. दिवस थोडे उरल्याने मी रक्कम भरली आणि आज दुपारी पार्सल घरी आले. पैठणीला कुठेही डाग किंवा घडीची चूण नाही. आयात नोंदीची प्रत मी लेखी मागितली आहे आणि ती आली की विणकरांचे पत्र जोडून पैठणीपुरता ‘सी 285’ भरणार आहे.

पुण्याच्या सेवेला मी कळवले आहे की यापुढे माझ्या प्रत्येक वस्तूची ओळ स्वतंत्र असावी, वर्णनात धागा व न शिवलेली साडी हे शब्द असावेत, खरी किंमत लिहावी आणि ‘भेटवस्तू’ हा शब्द वापरू नये. त्यांनी ते मान्य केले आहे. गेल्या वर्षभरात कोणी भारतातून रेशमी हातमागाची साडी मागवली असेल आणि नोंदीची प्रत हाताशी असेल, तर तीवर कोणता कमोडिटी कोड लावला होता आणि तो कोणत्या कागदाच्या आधारे मान्य झाला, ते कृपया इथे लिहावे. माझ्या अर्जाला त्याची मोठी मदत होईल.