मदत हवी आहे: पँडास (स्ट्रेप जंतूच्या संसर्गानंतर मुलांत एकाएकी मंत्रचळ किंवा नकळत होणाऱ्या हालचाली सुरू होणं) झालेल्या मुलांचे पालक इथे आहेत का?

लेक आठ वर्षांची. घसा सुजून ताप आला, बराही झाला, आणि पाठोपाठ एकाएकी हे सुरू: नळाखालून हात निघेनात, डोळे सारखे मिचकावते, वहीतलं अक्षर पार बिघडलं, रात्री मला सोडत नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी दृष्टही काढली. एएसओ (स्ट्रेपचा संसर्ग होऊन गेल्याचं दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेला आहे. मेंदूविकारतज्ज्ञांना पँडासची शंका, मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात नुसता ओसीडी (मंत्रचळ). १९९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टर सुझन स्वीडो यांनी ५० मुलांवरून पँडासचं वर्णन केलं खरं, पण वाद अजून मिटलेला नाही. एएसओ तर घशाच्या साध्या स्ट्रेप संसर्गानंतरही वाढतो. पुण्या-मुंबईत दोन्ही डॉक्टर एकत्र बसून बघतात असं ठिकाण माहीत आहे का कुणाला? शाळेला कसं समजावलंत? धाकट्या भावंडाला काय सांगितलंत? औषधांची नावं नकोत, अनुभव हवेत.