मदत हवी आहे: पाणी तापलं की फक्त मोठीच कालवं मरताहेत. रोग की पाणी?

खारवट

नमस्कार मंडळी. खाडीच्या मुखाजवळ, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात मांडवांवर जाळीच्या पिशव्या ठेवून पॅसिफिक कालवं वाढवतो. भागीदारीतलं छोटं काम आहे. पाणी तापायला लागल्यापासून पिशव्या उलटताना उघडी कवचं हाताला लागताहेत. थोडीफार मरतूक दरवर्षी असतेच, पण ही तशी नाही.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की बी, म्हणजे लहान पिल्लं, ठणठणीत आहे. मरताहेत ती विक्रीला आलेली, अंगाने भरलेली, कापली तर आत दुधाळ दिसणारी कालवं. म्हणजे उपासमार नाही. क्षारता, पीएच, प्राणवायू सगळं मोजलं, सगळं ठीक. दुपारच्या ओहोटीला जातो तेव्हाच मोजतो.

एक भागीदार म्हणतो समुद्र आम्लधर्मी झालाय, सोडा टाकू. दुसरा म्हणतो फ्रान्समध्ये आला होता तो विषाणू. मला दोन्ही पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. उरलेला माल दुसऱ्या खाडीत हलवावा का, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

काचपट्टी

विषाणूपासून सुरुवात करतो. ओएसएचव्ही-१ या कालवांच्या हर्पीस विषाणूचा घातक प्रकार २००८ मध्ये फ्रान्समध्ये उफाळला, २०१० मध्ये न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात आणि २०१६ मध्ये टास्मानियात. पाणी साधारण १६ अंशांवर गेलं की तो जोर धरतो. पण तो आधी उचलतो ते बी आणि वर्षाच्या आतली पिल्लं. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे, त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर नाही. पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकीय चाचणी, केल्याशिवाय नावही खोडू नका.

दुधाळपणा हा खरा धागा आहे. ते मांस नव्हे, अंडी आणि शुक्रजंतू आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी कालव साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे शरीरातला ऊर्जेचा साठा, प्रजननावर उधळतं. एक मादी काही कोटी अंडी सोडू शकते. त्याच वेळी गरम पाण्यात शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि गरम पाण्यात तो विरघळतो कमी. अशा थकलेल्या कालवात एरवी गप्प बसलेले व्हिब्रिओ जिवाणू वरचढ होतात. मोठ्या कालवांच्या बाबतीत व्हिब्रिओ एस्चुअरिआनस हे नाव प्रयोगशाळेत मुद्दाम विचारा. कालवांकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात, लढणाऱ्या रक्तपेशी आणि जन्मजात संरक्षण एवढ्यावरच भिस्त. ही उन्हाळी मरतूक जपानमध्ये १९४० च्या दशकातच नोंदली गेली होती.

तेव्हा 'रोग की पाणी' असा निवाडा बहुधा लागणार नाही. पाण्याने वाकवलं आणि जिवाणूने पाडलं, असंच बऱ्याचदा निघतं.

ओहोटीकर

मोजमापाबद्दल बोलायलाच हवं. दुपारी शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती उन्हात प्राणवायू सोडत असतात, आकडा छानच येणार. रात्री त्याच वनस्पती प्राणवायू खातात, त्यामुळे नीचांक पहाटे मिळतो. मीटर उजाडण्याआधी न्या, आणि पृष्ठभागावर नाही, पिशवीच्या उंचीवर धरा. क्षारतेचंही तसंच. पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं, खाली वेगळं जग असतं.

दुसरं, मेलेली कालवं कुठल्या मांडवावरची, वरच्या की खालच्या? पिशवीच्या मधोमध की कडेला? हे लिहून ठेवलं असेल तर इथे टाका. माझ्या मते प्रयोगशाळेच्या अहवालाइतकंच त्याला मोल आहे.

भागीदाराच्या सोड्याचा उगम मला माहीत आहे. ओरेगॉनमधल्या नेटार्ट्स उपसागरावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत (कालवांचं बी तयार करण्याच्या केंद्रात) २००७ च्या सुमारास अळ्या घाऊक मरू लागल्या. खोल समुद्रातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी आत घेतलं जात होतं. अळी पहिलं कवच अंड्यातल्या शिदोरीवर जेमतेम दोन दिवसांत घडवते, तेही अ‍ॅरागोनाइटचं, म्हणजे चुन्याच्या अशा रूपाचं, जे आम्लधर्मी पाण्यात लवकर विरघळतं. त्यांनी पाण्यावर पाळत ठेवली, टाक्यांत सोडियम कार्बोनेट मिसळलं आणि उत्पादन सावरलं. पण ते टाक्यांत! उघड्या खाडीत सोडा टाकलात तर पुढच्या ओहोटीला समुद्राला दान. शिवाय मोठ्या कालवाचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याच्या त्याहून टिकाऊ रूपाचं असतं. आम्लतेने त्याची वाढ मंदावू शकते, पण अशी भरल्या अंगाची कालवं अचानक पडत नाहीत.

खारवट

दोघांचेही आभार. पहाटे मोजून आलो. खालच्या मांडवांपाशी प्राणवायू लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास! वरच्या बाजूला बराच बरा. मरतूकही खालच्या, आतल्या, गाळ साचलेल्या कोपऱ्यात जास्त आहे आणि ठासून भरलेल्या पिशव्यांत मधोमध. म्हणजे आता माल हलवायचाच ना? आणि पुढच्या खेपेला ट्रिप्लॉइड (जवळपास वांझ) बी घेतलं तर हा दुधाळपणाचा प्रश्नच मिटेल का?

काचपट्टी

दुसऱ्या खाडीत अजिबात हलवू नका. निदान हातात नसताना माल हलवणं म्हणजे रोगाला गाडी करून देणं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एमएसएक्स हा परजीवी १९५७ मध्ये डेलावेअर उपसागरात कालवांचा फडशा पाडताना दिसला आणि २०२४ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरही सापडला. तिथे लगेच मालाच्या हालचालीवर निर्बंध आले. तुमच्या मत्स्य विभागाला आजच कळवा, काही रोगांची माहिती देणं बंधनकारक असतं.

त्याच खाडीत मात्र पिशव्या विरळ करा आणि गाळावरच्या पिशव्या उचला. थंड वेळीच, आणि हाताळणी कमीत कमी. फार वरही नेऊ नका. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यांवर ओहोटीला उघडे पडलेले शिंपले, कालवं असे असंख्य जीव भाजून मेले.

ट्रिप्लॉइडमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असल्याने प्रजनन जवळपास होत नाही, अंग भरलेलं राहतं. पण उन्हाळी मरतुकीत तेही सापडतात, काही ठिकाणी तर जास्तच. बियाणं विकणारे हे आपणहून सांगत नाहीत.

विक्रीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. ओएसएचव्ही-१ आणि एमएसएक्स माणसाला बाधत नाहीत. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आणि व्हिब्रिओ व्हल्निफिकस मात्र बाधतात, आणि तेही गरम पाण्यातच फोफावतात. अहवाल येईपर्यंत त्या पिशव्यांतलं एकही कालव खाण्यासाठी बाहेर जाऊ देऊ नका.

खारवट

विक्री थांबवली. विभागाला कळवलंय, ते नमुने मागताहेत. उघडी पडलेली देऊ का? आणि बर्फात घालून?

काचपट्टी

मेलेली नकोत, त्यांच्यात कुजवणारे जिवाणू इतके माजतात की मूळ कारण झाकलं जातं. टकटक केल्यावर सावकाश, अर्धवट मिटणारी निवडा. सोबत त्याच पिशवीतली धडधाकट दिसणारी आणि थोडं बीसुद्धा द्या. ओल्या कापडात गुंडाळून गार डब्यात ठेवा, बर्फ थेट टेकू देऊ नका, पाण्यात बुडवू नका. गोठवायचं तर नाहीच. गोठवलं तर पीसीआर तरी होईल, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ऊती शाबूत राहणार नाहीत. डब्यावर मांडव, उंची आणि पहाटेचा प्राणवायूचा आकडा लिहा.